मधमाशी ऑर्किडची बदलती रूपं कशी ओळखायची: ऑफ्रिस एपिफेरासाठी सविस्तर मार्गदर्शक

भूमध्य समुद्राभोवतीच्या चुनखडीच्या उतारांवर वसंतात फुलणाऱ्या रानऑर्किडांमध्ये ऑफ्रिस एपिफेरा, म्हणजे मधमाशी ऑर्किड, ओळखायला सोपं समजलं जातं. तीन गुलाबी निदलं, म्हणजे फुलाची बाहेरची दलं, आणि त्यांच्यापुढे तपकिरी, लवदार, माशीच्या पोटासारखा फुगीर ओठ, म्हणजे वेगळ्या आकाराची एक पाकळी. पण हीच जात पुढे भल्याभल्यांना गोंधळात टाकते. कुठे ओठ पिवळट-हिरवा असतो, कुठे नक्षीच नसते, कुठे ओठाचं टोक सुळकेदार होतं, तर कुठे पाकळ्या निदलांएवढ्या वाढतात. यातल्या बऱ्याच रूपांना स्वतंत्र नावं आहेत, आणि ती नावं फोटोंखाली सर्रास चुकीची लावलेली दिसतात.

चूक बहुतेक वेळा एकाच कारणाने होते: पाहणारा रंगापासून सुरुवात करतो. क्रम उलटा हवा. जे बदलत नाही ते आधी तपासायचं, मग पाकळ्या, मग ओठाचा आकार, मग नक्षी आणि अगदी शेवटी रंग. हा क्रम पाळला तर बहुतेक झाडांचा निकाल पाच-दहा मिनिटांत लागतो.

इतकी रूपं टिकतात तरी कशी

हे समजून घेतलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप पटतात. ऑफ्रिस वंशातल्या बहुतेक जाती नर मधमाश्यांना फसवून परागण करून घेतात. ओठ मादीसारखा दिसतो, त्याला मादीसारखा गंध असतो. नर त्याला बिलगतो आणि परागपुंज, म्हणजे परागकणांचे गोळे, घेऊन जातो. एपिफेरालाही युसेरा या लांब मिशांच्या माश्यांचे नर भेट देतात, पण तिचं त्यांच्यावाचून अडत नाही. फूल उमललं की परागपुंजांच्या लांब, दोऱ्यासारख्या बारीक दांड्या पुढे वाकतात. टोकाचे पिवळे परागपुंज किंजल्कासमोर, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या भागासमोर, लोंबू लागतात आणि वाऱ्याने हलून त्यावरच चिकटतात. चार्ल्स डार्विनने १८६२ मध्ये या स्वपरागणाचं वर्णन केलं होतं.

आता विचार करा: दुसऱ्या एखाद्या जातीच्या झाडात अचानक ओठाची नक्षी नाहीशी झाली किंवा आकार बिघडला, तर माशी फसण्याची शक्यता कमी होते आणि त्या झाडाला बी धरणं कठीण जातं. एपिफेरात तसं होत नाही. फूल कितीही वेगळं दिसलं तरी ते स्वतःच बी धरतं, आणि धुळीसारखं बारीक बी वाऱ्याबरोबर आसपास पडून तशीच झाडं उगवतात. म्हणून वेगळं रूप बहुधा घोळक्याने सापडतं. एक झाड दिसलं की आसपासच्या जागेत आणखी शोधावं.

यातून कामाची दुसरी गोष्ट निघते. ओठ आणि पाकळ्या बदलल्या तरी स्वपरागणाची रचना शाबूत राहावीच लागते, कारण तिच्यावरच झाड तगून आहे. त्यामुळे ओळखीचा पाया ओठ नसून स्तंभ, म्हणजे फुलाच्या मधोमधचा पराग आणि किंजल्क धरणारा भाग, आहे.

कधी जायचं, काय न्यायचं

क्रीट, सिसिली, सार्डिनिया या बेटांवर एप्रिल ते मेच्या पूर्वार्धात जावं. इटलीतल्या गार्गानो डोंगराळ भागात एप्रिलअखेर ते मे ठीक. ऑफ्रिसच्या इतर जातींच्या मानाने एपिफेरा उशिरा फुलते, त्यामुळे मार्चमधल्या सहलीत ती हाती लागत नाही. उत्तरेकडे हंगाम आणखी पुढे सरकतो. ब्रिटन किंवा जर्मनीत राहणाऱ्या मराठी वाचकांना ती जूनमध्ये रस्त्याकडेच्या गवतात, जुन्या खाणींत, कधी कारखान्यांच्या मोकळ्या आवारातही भेटू शकते. कासच्या सड्यावरची हबेनारिया ज्यांनी पाहिली आहे त्यांना एवढंच सांगायला हवं की हेही तसंच जमिनीत कंद असलेलं ऑर्किड आहे. झाडाच्या फांदीवर शोधू नका.

दिवस निवडताना फुलोऱ्याची अवस्था पाहावी. खालची दोन-तीन फुलं पूर्ण उमललेली आणि शेंड्याला अजून कळ्या, ही सर्वांत चांगली वेळ.

सोबत हवं ते थोडंच: दहा पट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरच्या खुणा असलेली १५ सेंटिमीटरची पट्टी, वही, पेन्सिल, जवळून फोटो घेणारा कॅमेरा किंवा फोन, आणि सावली धरायला पांढरी छोटी छत्री. चकचकीत स्टीलची पट्टी फोटोत प्रकाश परावर्तित करते. त्याऐवजी राखाडी जाड कागदावर खुणा छापून तुकडा कापून घेतला तर मापही मिळतं आणि फोटोचा रंग तपासायला आधारही.

फूल तोडायचं नाही, कंद उकरायचा नाही. सगळी माप झाडावरच घेता येतात. सर्व ऑर्किडं साइट्स या वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्टांत येतात, शिवाय अनेक देशांचे आणि प्रांतांचे स्वतःचे कडक नियम आहेत. आणखी एक धोका कायद्याच्या पुस्तकात नसतो: गुडघा टेकण्याचा. फुललेल्या झाडाभोवती जमिनीलगत पानांचे छोटे गुच्छ असतात; ती पुढच्या वर्षांची झाडं आहेत. आधी हाताने गवत बाजूला करून पाहावं, मगच बसावं.

पहिली पायरी: ही एपिफेराच आहे ना?

खालून दुसरं किंवा तिसरं फूल निवडा. सर्वांत खालचं फूल शिळं असतं, वरचं अर्धवट उमललेलं. अर्धवट उमललेल्या फुलात ओठाच्या कडा पुरत्या वळलेल्या नसतात आणि परागपुंजही अजून कप्प्यात असतात, त्यामुळे नेमकी खूणच हुकते.

फुलाकडे समोरून नव्हे, बाजूने पाहा. स्तंभ म्हणजे फुलाच्या मधोमध पुढे आलेला, किंजल्क आणि पराग एकत्र धरणारा भाग. एपिफेरात त्याच्या टोकाला लांब, नागमोडी चोच असते, जणू बदकाची मान. मग भिंगातून परागपुंज पाहा: पिवळे दोन गोळे बारीक दांड्यांवर खाली लोंबत असले किंवा किंजल्कावर चिकटलेले असले, तर जात जवळजवळ पक्की. एकाच फुलावर विसंबू नका, दोन-तीन तरी पाहा.

नेहमीच्या रूपाच्या बाकी खुणा अशा. झाडाची उंची साधारण १५ ते ५० सेंटिमीटर. निदलं गुलाबी ते पांढरट, मधली शीर हिरवी. पाकळ्या अगदी आखूड, त्रिकोणी, लवदार, बहुधा हिरवट. ओठ साधारण ८ ते १३ मिलिमीटर लांब, तीन खंडांचा. बाजूचे दोन खंड लवदार उंचवट्यांसारखे. ओठाच्या टोकाला पिवळट-हिरवं उपांग असतं, पण ते मागे दुमडून ओठाखाली लपलेलं असतं, म्हणून समोरून ओठ गोलसर दिसतो.

गफलत मुख्यतः दोन जातींशी होते. ऑफ्रिस स्कोलोपॅक्सचा ओठही तीन खंडांचा असतो आणि बाजूचे खंड शिंगांसारखे पुढे येतात, पण तिचं उपांग वर वळलेलं, समोरून ठळक दिसणारं असतं आणि स्तंभाची चोच आखूड. ऑफ्रिस होलोसेरिसियाचा ओठ रुंद, बहुधा अखंड, आणि उपांग मोठं, पुढे किंवा वर वळलेलं. दोन्हींत परागपुंज आपल्या कप्प्यातच राहतात, लोंबत नाहीत. एपिफेराची या जातींशी संकरित झाडंही होतात. स्तंभ मधल्याच लांबीचा, उपांग धड मागे नाही धड पुढे नाही, आणि शेजारी दोन्ही जाती फुललेल्या, असं चित्र दिसलं तर रूपाचं नाव शोधणं थांबवा आणि संकराची शंका नोंदवा.

दुसरी पायरी: पाकळ्या मोजा

ऑर्किडमध्ये बाहेरची तीन निदलं आणि आतल्या दोन पाकळ्या व एक ओठ अशी मांडणी असते. इथे पाकळ्या म्हणजे स्तंभाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या त्या दोन लहान पाकळ्या. पट्टी फुलाला न टेकवता मागे धरा आणि डोळा सरळ रेषेत ठेवून एक निदल व एक पाकळी मोजा. पाकळी निदलाच्या निम्म्यापेक्षा आखूड असेल तर ती नेहमीची धरून तिसऱ्या पायरीकडे जा. निम्म्याहून लांब असेल तर थांबा. ही सीमा कामचलाऊ आहे, पण बाहेर मैदानात उपयोगी पडते.

लांब पाकळी अरुंद, पट्टीसारखी आणि लवदारच असेल तर ते ऑरिटा रूप. नावाप्रमाणे ती ताठ कानांसारखी दिसते. पाकळी लांबही आणि रुंदही असेल, रंगाने निदलासारखी गुलाबी आणि जवळजवळ निर्लव असेल, म्हणजे फुलाला तीनऐवजी पाच निदलं आहेत असा भास होत असेल, तर ते फ्रायबर्गेन्सिस. जर्मनीतल्या फ्रायबुर्गवरून हे नाव आलं आहे. बोटेरोनी हे नाव स्वित्झर्लंडमधल्या झाडांवरून दिलं गेलं. त्यातही पाकळ्या निदलांसारख्याच असतात, पण ओठही बदललेला असतो: रुंद, कमी फुगीर, बाजूचे खंड दबलेले, नक्षी विस्कटलेली. काही अभ्यासक दोन्हींना एकच मानतात. नोंद करताना ओठ नेहमीचा होता की बदललेला हे लिहिलं, तर कोणतंही मत धरून नंतर नाव लावता येतं.

माप कसं निकाल देतं ते एका नोंदीत पाहू: "उमललेली फुलं पाच, कळ्या दोन. खालून तिसरं फूल. वरचं निदल १४ मिमी, फिकट गुलाबी. पाकळी ९ मिमी लांब, तळाशी २ मिमी रुंद, हिरवट, कडांना लव. ओठ ११ मिमी, तीन खंड, नक्षी नेहमीची, उपांग मागे. परागपुंज लोंबणारे. पाचही फुलं सारखी." पाकळी निदलाच्या जवळजवळ दोन तृतीयांश आहे, अरुंद आहे, लवदार आहे; बाकी सारं नेहमीचं. उत्तर ऑरिटा. हेच माप न घेता नुसता "पाकळ्या मोठ्या, गुलाबी छटा" असा शेरा मारला असता तर कुणीही ते फ्रायबर्गेन्सिस ठरवलं असतं.

तिसरी पायरी: ओठाचा आकार

दोन प्रश्न विचारायचे. उपांग कुठे वळलंय? बाजूचे खंड आहेत का?

उपांग मागे न दुमडता सरळ पुढे-खाली ताणलेलं असेल आणि ओठ निमुळता होत टोकदार झाला असेल, तर ते ट्रोलिआय. इंग्लंडमध्ये याला गांधीलमाशी ऑर्किड म्हणतात. ओठावर आडव्या, वेड्यावाकड्या पिवळ्या-तपकिरी पट्ट्या असतात. इथे बाजूने पाहणं अनिवार्य आहे. समोरून पाहिल्यास थोडं लांबट पण साधंच फूल ट्रोलिआय वाटू शकतं, आणि उन्हात सुकू लागलेल्या जुन्या फुलाच्या कडा आत वळून ओठ अरुंद दिसतो तेव्हा तर हटकून फसगत होते. वरची ताजी फुलं तशीच आहेत का, हे पाहिल्याशिवाय हे नाव लावू नये. ट्रोलिआयचं उपांग दिसतं म्हणून त्याला स्कोलोपॅक्स ठरवणं ही उलट दिशेची चूक. तिथे स्तंभाची चोच आणि लोंबते परागपुंजच वाचवतात.

बाजूचे खंड नाहीतच, ओठ अखंड, लंबगोल, आणि मधोमध एक फिकट आडवा पट्टा गेलेला असेल, तर बेलगेरम. हे रूप दक्षिण इंग्लंडमधल्या झाडांवरून वर्णिलं गेलं. खंड नुसते मागे दुमडलेले असू शकतात, म्हणून गवताच्या काडीचं टोक ओठाच्या कडेखाली हलकेच नेऊन पाहा. उंचवटा असेल तर काडीला जाणवतो. होलोसेरिसियाशी इथे गल्लत होते. पुन्हा स्तंभाकडे वळा.

चौथी पायरी: नक्षी

आधी नेहमीची नक्षी डोळ्यांत पक्की बसवा. ओठाच्या तळाशी तांबूस-नारिंगी भाग, त्याभोवती निळसर-जांभळट किंवा तपकिरी चकाकी असलेला पट्टा, त्याला फिकट पिवळी किनार, आणि टोकाकडे बहुधा दोन पिवळे ठिपके. यात झाडागणिक फरक असतोच: किनार जाड-बारीक, ठिपके जुळलेले किंवा गायब. अशा प्रत्येक फरकाला नाव शोधत बसणं व्यर्थ आहे. एखादी रेघ कमी-जास्त असल्यावर नवं नाव देण्याचा मोह ऑफ्रिसच्या अभ्यासात फार नडला आहे.

नाव लावण्याजोगे बदल ठसठशीत असतात. ओठाचा वरचा अर्धा भाग फिकट, हिरवट-पिवळा आणि खालचा अर्धा गडद तपकिरी, मधली नक्षी पूर्ण गायब, असं असेल तर बायकलर. दोन रंगांमधली सीमा स्पष्ट हवी. वरचा भाग नुसता उजळ असणं पुरत नाही. संपूर्ण ओठ एकसारखा तांबूस-तपकिरी, नक्षीचा मागमूस नसलेला, तर फुल्वोफुस्का. हे रूप सार्डिनियातून वर्णिलं गेलं. शिळ्या फुलात नक्षी काळपट पडून दिसेनाशी होते, म्हणून फुल्वोफुस्का ठरवताना सर्वांत वरचं, ताजं उमललेलं फूल भिंगातून पाहायलाच हवं.

पाचवी पायरी: रंग

अँथोसायनिन हे तांबडं-जांभळं रंगद्रव्य झाडात तयारच झालं नाही की निदलं पांढरी आणि ओठ पिवळट-हिरवा होतो. हे क्लोरँथा. कसोटी सोपी आहे: तांबूस किंवा तपकिरी छटा फुलात कुठेही असता कामा नये. ओठाच्या तळाशी, उंचवट्यांच्या लवेत, कळीच्या टोकावर शोधा. कुठेही तपकिरी सापडली तर ते फिकट रंगाचं साधं फूल आहे. निदलं पांढरी आणि ओठ नेहमीसारखा तपकिरी, अशी झाडं पुष्कळ असतात. त्यांना क्लोरँथा म्हणायचं नाही. फूल जुनं होताना निदलांचा गुलाबी रंग विटतो, हेही ध्यानात ठेवावं.

रूप की एकटी विकृती?

या पायरीला सगळे घाईत टाळतात. एकाच फुलात दोन ओठ, तीन पाकळ्या, जुळलेली निदलं असं काही दिसलं आणि बाकीची फुलं साधी असली, तर ती त्या कळीच्या वाढीतली गडबड आहे. थंडी, मार किंवा किडीमुळेही कळी वेडीवाकडी होते. रूपाचं नाव तेव्हाच, जेव्हा फुलोऱ्यातली सगळी ताजी फुलं सारखी असतील. त्यानंतर घोळक्यातली झाडं मोजा: वेगळी किती, साधी किती, मधली किती. मधली झाडं बरीच असतील तर एका टोकाच्या झाडाला नाव देण्यापेक्षा त्या जागेवरचा सारा फरक नोंदवणं जास्त मोलाचं.

फोटो

एका झाडाचे किमान पाच फोटो घ्या: पूर्ण झाड, पूर्ण फुलोरा, एक फूल समोरून, तेच फूल नव्वद अंशांनी बाजूने, आणि पट्टीसह एक. बाजूचा फोटो नसेल तर स्तंभ आणि उपांग दोन्ही दिसत नाहीत, आणि मग कितीही जाणकार माणूस असला तरी त्याला खात्रीने काही सांगता येत नाही. फ्लॅश वापरू नका. ओठावरची चकाकी पांढरी पडून नक्षी पुसली जाते. भर उन्हात छत्रीची सावली धरा. छत्री पांढरीच हवी, रंगीत छत्रीचा रंग निदलांवर उतरतो. फोनचा कॅमेरा मागच्या गवतावर फोकस नेतो. फुलामागे तळहात धरला की फोकस फुलावर बसतो.

नोंद

तारीख, जागा, उतार, गवताची उंची, फुलं व कळ्यांची संख्या, मापं आणि सोबतच्या ऑफ्रिस जाती एवढं लिहा. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर जातीचं नाव ऑफ्रिस एपिफेरा ठेवा आणि रूपाचं नाव शेऱ्यात द्या. अनेक वनस्पतिसूच्या या रूपांना वेगळा दर्जा देत नाहीत, त्यामुळे शेऱ्यातली माहिती टिकते, नुसतं नाव मात्र सूची बदलली की हरवतं. दुर्मीळ रूपाची नेमकी जागा उघड करू नका, स्थान अस्पष्ट ठेवण्याचा पर्याय निवडा. कंद चोरणारे आणि फोटोसाठी गवत तुडवणारे, दोघेही नकाशा पाहूनच येतात.

झाड पुढच्या वर्षी पुन्हा पाहता आलं तर फार चांगलं. दोन हंगामांत तेच रूप दिसलं की शंका उरत नाही. मात्र एपिफेरा दरवर्षी फुलतेच असं नाही. एखादं वर्ष ती नुसत्या पानांवर काढते. पानांचा गुच्छ शरद ऋतूतच वर येतो आणि हिवाळाभर टिकतो, तेव्हा जागा ठाऊक असेल तर डिसेंबर-जानेवारीत जाऊन झाड जिवंत आहे का ते पाहता येतं. त्यासाठी पहिल्याच भेटीत जवळच्या एखाद्या न हलणाऱ्या दगडापासूनचं अंतर आणि दिशा वहीत लिहून ठेवा. फोनवरचं स्थान काही मीटर इकडेतिकडे दाखवतं, आणि तेवढ्या जागेत अशी वीस झाडं असू शकतात.